प्रवाळाच्या टाकीतली कीड: आधी ओळखा, मग चुना लावा

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, झोअँथिड या प्रवाळाच्या हिरव्या चकत्यांमध्ये एक तपकिरी, काचेसारखं आरपार दिसणारं फूल उगवलं, तेव्हा मी चक्क खूश झालो. फुकटात नवा पाहुणा! तो निघाला ॲप्टेशिया, म्हणजे समुद्रफुलांमधलं गाजरगवत. नाव कळल्यावर मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तो खरवडून काढला आणि हात झटकले. पंधरवड्यात त्याच दगडावर अकरा झाले. तुटलेल्या बुडाचा एवढासा कपटा मागे राहिला तरी त्यातून अख्खा नवा प्राणी उभा राहतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यामुळे खरवडणं आणि चिरडणं दोन्ही बंद.

सुरुवात रात्री करा. टाकीचा दिवा गेल्यावर तासाभराने टॉर्चवर लाल जिलेटीन कागद गुंडाळून प्रवाळाच्या बुडाशी पाहा. झोअँथिड खाणारी बिनशिंपल्याची समुद्री गोगलगाय दिवसा सापडत नाही, कारण ती ज्या झोअँथिडवर जगते त्याचाच रंग अंगावर घेते. तिची अंडी मात्र लपत नाहीत. चकत्यांच्या देठाशी पांढऱ्या, चिकट वेटोळ्यासारखी ती चिकटलेली असतात. दगडातून डोकावणारे केसाळ किडे आणि काचेवर पळणारे बारीक ठिपके बहुतेक सफाई कामगारच असतात. त्यांच्या मागे लागू नका.

आता ॲप्टेशिया. त्याचा उपाय चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. मी हे घरात बोललो तर दांडिया बाजारच्या आत्याने पानाचा डबाच पुढे केला. ‘‘घे, आणि पैसे वाचव.’’ पण पानाच्या चुन्यात आणखी काय कालवलंय याचा भरवसा नाही. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून शुद्ध पावडर आणा. चमचाभर पावडरीत थोडं आरओचं पाणी घालून पिठल्याइतकं दाट कालवा. ताकासारखं झालं तर ते टाकीभर पसरतं, श्रीखंडासारखं झालं तर सुईतच अडकतं. इन्शुलिनची सुई फार बारीक पडते, ५ मिलीची सिरिंज आणि जाड सुई घ्या. चुना डोळ्यात गेला तर भाजतं, म्हणून चष्मा लावा.

पंप बंद करा. सिरिंज हळू न्या, कारण सावली पडली तरी तो आखडतो आणि भोकात शिरतो. पसरलेला असतानाच तोंडाच्या मधोमध चुना सोडा. तो आखडला की चुना त्याच्यासकट आत जातो. वरून आणखी थोडा लेप द्या आणि शेजारच्या प्रवाळावर थेंबही पडू देऊ नका. दहा-पंधरा मिनिटांनी पंप सुरू करा. मी एकदा विसरलो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. लहान टाकीत एका दिवसात तीन-चारच करा, नाहीतर पाण्याचा पीएच एकदम चढतो. आठवड्याने पुन्हा पाहा, एखादा उरलेला असतोच.

पेपरमिंट कोळंबी ॲप्टेशिया खाते, सगळ्या नाही पण बऱ्याच. दुकानात तिच्या नावाखाली कधीकधी उंट कोळंबी गळ्यात मारतात. तिच्या पाठीवर कुबड असतं आणि ती प्रवाळच कुरतडते. पाठ पाहूनच पैसे द्या.

समुद्री गोगलगायीसाठी प्रवाळ बाहेर काढून औषधाच्या पाण्यात बुडवणं आवश्यक. त्याआधी एक ताकीद. झोअँथिड आणि त्याचा भाऊबंद पॅलिथोआ यांच्यामध्ये पॅलिटॉक्सिन हे जबर विष असू शकतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा, हाताला चीर असेल तर काम पुढे ढकला. कीड मारायला दगड उकळणं किंवा त्यावर उकळतं पाणी ओतणं अजिबात नको, त्या वाफेने घरातली माणसं आजारी पडतात. बादलीत टाकीचंच पाणी घ्या, लुगॉल्स आयोडिन (आयोडिनचं द्रावण) घालून ते फिक्या चहाच्या रंगाचं करा. प्रवाळ १० मिनिटं त्यात हलवत राहा, अंडी मऊ ब्रशने घासून काढा, साध्या टाकीच्या पाण्यात खंगाळा. राहून गेलेली अंडी या पाण्याने मरत नाहीत, म्हणून पाच-सहा दिवसांच्या अंतराने दोनदा तरी हेच पुन्हा करा. बादलीतलं पाणी टाकीत परत ओतू नका.

केसाळ शेवाळाचा झोअँथिडवर मुक्काम असेल तर ते आधी हाताने उपटा. मग औषधाच्या दुकानातला ६ टक्क्यांचा हायड्रोजन पेरॉक्साइड, १ भागाला २० भाग टाकीचं पाणी या हिशेबाने घ्या आणि त्यात प्रवाळ ५ मिनिटं बुडवा. लाल, चिकट थर मात्र शेवाळ नव्हे, तो सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जीवाणू. नळीने ओढून घ्या आणि तिथे पाण्याचा प्रवाह वाढवा.

हे सगळं करूनही शेवाळ परत येत असेल तर पाण्याकडे बघा. बडोद्याच्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी रोज उडतं आणि आपण वरून भर घालतो. वाफ जाते, पण भरीच्या पाण्यातून आलेले क्षार, फॉस्फेट टाकीतच साठत राहतात. घरच्या आरओत चवीसाठी नळाचं पाणी मिसळणारी कळ असते, ती बंद करून टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, लावा. शून्य येईपर्यंत पुढे डीआय रेझिनची, म्हणजे उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांची, नळी जोडा. माझ्या मीटरवर पहिल्यांदा ४८ आला होता.

नवा तुकडा आणाल तेव्हा कायद्याचं भान असू द्या: कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि जामनगरजवळच्या पिरोटण बेटाच्या किनाऱ्यावरून दगड उचलून आणणं गुन्हा आहे, कारण तिथे १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. घरी झोअँथिड, मशरूम प्रवाळ पुरेत. त्यांचाही तुकडा आधी बुडवून, बूड तोडून, चार ते सहा आठवडे वेगळ्या टबात ठेवा. आमचा टब वाड्याच्या जिन्याखाली असतो, आणि त्यात हात घालायची बंदी फक्त आत्याच पाळते.