पेरणी जूनची, पण नजर उत्तरा-हत्ती नक्षत्रांवर ठेवा

मृग लागला की पारावर एकच प्रश्न असतो, पाऊस येणार कधी? यंदा दुसराही विचारा: जाणार कधी? सोयाबीनचं नुकसान हल्ली पेरणीपेक्षा काढणीत जास्त होतं. पानं गळालेली, शेंगा वाळलेल्या, मजूर ठरलेले, आणि वरून चार दिवसांची झड. कोंब फुटलेली गंजी आमच्याही वावरात दोनदा झाली. तो माल बाजारात नेला की व्यापारी मूठभर दाणे हातात घेतो आणि आधी नाक मुरडतो, मग भाव सांगतो.

सप्टेंबरातल्या काढणीवरच्या या पावसाचा एक धागा उत्तर ध्रुवापर्यंत जातो. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली तो मांडला. रशियाच्या उत्तरेला कारा समुद्र आहे. उन्हाळ्यात तिथला बर्फ फार घटला की उघड्या पाण्याची उष्णता हवेत जाते, वायव्य युरोपावरच्या वरच्या थरातलं वाऱ्यांचं चक्र बदलतं आणि त्याची लाट आशियापर्यंत पोचते. त्याच वेळी अरबी समुद्र तापलेला असला तर बाष्पाला तोटा नसतो, मग सप्टेंबरात मध्य भारतावर मुसळधार कोसळतो. दरवर्षी असंच घडेल असं कोणी म्हणत नाही. शास्त्रज्ञांनीही हा संबंध ‘शक्य’ म्हणूनच सांगितला आहे. मात्र १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, हे नोंदींतून दिसलं आहे.

ध्रुवावरचा समुद्री बर्फ सगळ्यात कमी होतो तो सप्टेंबरच्या मध्याला, म्हणजे आपल्याकडे उत्तरा लागते तेव्हा. २०१२ साली तो जेमतेम ३४ लाख चौरस किलोमीटर उरला होता; १९७९ पासूनच्या उपग्रह नोंदींतला हा नीचांक. पांढरा बर्फ ऊन परतवतो, काळं पाणी ते पिऊन घेतं. भर उन्हात पांढरा दुपट्टा आणि काळी घोंगडी पांघरून पाहा, फरक कळेल. म्हणून तिकडची हवा जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापते आहे. समुद्राची पातळी वाढण्याची चिंता कोकणाने करावी. आपली गाठ वाऱ्यांशी आणि पावसाशी.

‘पडतील हत्ती तर पडतील भिंती’ ही हस्त नक्षत्राच्या पावसाची म्हण जुनीच, पण तेव्हा वावरात ज्वारी होती, आज सोयाबीन उभं असतं. २० जूनला पेरलेलं ९५ दिवसांचं वाण २३ सप्टेंबरला काढणीला येतं, ऐन उत्तरेत. त्यामुळे सगळं रान एकाच वाणाखाली घालू नका. हलक्या, बरड जमिनीत लवकर येणारं जेएस ९३०५ घ्या. भारी काळ्या जमिनीत दहा-पंधरा दिवस उशिराचं फुले संगम चालतं. काढणी लांबली तरी शेंग लवकर फुटू नये असं हवं तर एमएयूएस १५८ बरं. दोन काढण्यांत अंतर राहिलं की एकाच झडीत सगळं जात नाही, मजूरही मिळतात.

घरचं बियाणं मागच्या काढणीत भिजलं असेल तर त्यावर विसंबू नका. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, आठवड्यात ७० तरी उगवले पाहिजेत. ६० उगवले तर बियाण्याचं प्रमाण त्या हिशेबाने वाढवा, त्याहून कमी असतील तर ते बियाणं बाजूला ठेवा. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण काढू नका. शेजाऱ्याने पेरलं हे कारण पुरेसं नाही.

सगळ्यात कामाची गोष्ट पाण्याला वाट देण्याची, आणि तीच आपण टाळतो. बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरी पाडत पेरणारं यंत्र, मिळालं तर रुंद वरंब्यावर पेरा. एकरी ३० किलोऐवजी २२ ते २४ किलो बियाण्यात भागतं. यंत्र नसेल तर शेवटच्या डवरणीला डवऱ्याला दोरी गुंडाळा आणि पिकाच्या दर तीन-चार ओळींनंतर सरी पाडा. खर्च दोरीचा. सरी मात्र उताराला आडवी हवी आणि तिचं तोंड धुऱ्याच्या चरात उघडलेलं हवं, नाहीतर तुमच्याच वावरात तळं होतं. कमी पावसाच्या वर्षी हीच सरी ओल धरते.

कपाशीत मोठ्या खंडानंतर एकदम जोराचा पाऊस आला की झाडं मान टाकतात. त्याला आकस्मिक मर म्हणतात. आधी साचलेलं पाणी काढा, मग १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम कॉपर ऑक्सीक्लोराइड आणि २०० ग्रॅम युरिया मिसळून बुंध्याशी ओता. पहिल्या दिवशी केलं तर झाडं सावरतात, चार दिवसांनी केलं तर औषध वाया. तूर आणि संत्रा, दोघांच्याही मुळाशी पाणी थांबू देऊ नका. बागेतले चर आत्ताच मोकळे करा.

सप्टेंबरात ‘मेघदूत’ या हवामानाच्या अ‍ॅपवर पुढचे चार-पाच दिवस कोरडे दिसले तरच विळा लावा. कापलेलं सोयाबीन त्याच दिवशी गोळा करा, गंजी उंचवट्यावर लावा. ताडपत्री ऑगस्टातच घेऊन ठेवा. पाऊस सुरू झाल्यावर ती दुकानात मिळते, पण दुप्पट दराने आणि निम्म्या जाडीची.