शंका असलेल्या माणसाला प्रभूकडे बोलावताना या चुका टाळा

गावात दहा-पंधरा विश्वासी, महिन्यातून एखाद्या वेळी येणारे पाळक आणि कुणाच्या तरी ओसरीवर भरणारी प्रार्थना सभा. विदर्भातल्या अनेक खेड्यांत ख्रिस्ती मंडळी म्हणजे एवढंच. अशा सभेला एखादा शेजारी दोन-तीनदा येतो, दाराजवळ बसतो, काहीबाही विचारतो आणि मग यायचा बंद होतो. "त्याचं मन कठीण आहे" म्हणून आपण मोकळे होतो. पण बहुतेक वेळा त्याचं मन कठीण नसतं, आपण घाई केलेली असते.

शंका कोणती ते न ओळखताच उत्तर देणं

सगळ्यात जास्त माणसं इथेच दुरावतात. काकाजी विचारतात, "काहून भाऊ, येशू तं इंग्रजांचा देव ना?" आपण लगेच बायबल उघडून चार वचनं वाचतो. ज्यानं बायबल अजून मानलेलंच नाही त्याला वचनाचा पुरावा कसा पटणार? आणि त्यांच्या मनातला खरा प्रश्न बहुधा वेगळाच असतो: मी इथे बसलो तर भावकी काय म्हणेल, पोरीच्या लग्नात अडचण येईल काय, उद्या मेलो तर खांदा कोण देईल?

आधी उलट विचारा: "काकाजी, तुम्हाले असं काहून वाटते?" मग गप्प बसा. पाच मिनिटांत कळतं की प्रश्न बुद्धीचा आहे, घरच्यांच्या भीतीचा आहे, आधी कुणी फसवल्याचा आहे की तुमच्याच हेतूबद्दलचा आहे. बुद्धीच्या प्रश्नाला माहिती द्या. येशू पश्चिम आशियात, यहूदी घरात जन्मला. प्रेषित थोमा इ.स. 52 मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला असं तिथली ख्रिस्ती परंपरा सांगते. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले तेव्हा गादीवर भोसले होते, आणि कामठीला इंग्रजांची छावणीही होती. ती छावणी लपवू नका. अर्धं सांगितलेलं खरं गावात फार दिवस टिकत नाही. बाकी तीन प्रकारच्या शंकांना माहितीचा उपयोग नाही, त्यांना वेळ आणि तुमची वागणूक लागते.

शंका म्हणजे पाप, असं बोलणं तर पूर्ण टाळा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात "जाऊन शिष्य करा" ही आज्ञा येते, आणि तिच्या जेमतेम दोन वचनं आधी लिहिलंय की काहींना संशय वाटला. प्रभूनं त्यांना बाजूला काढलं नाही. थोमानं "पाहिल्याशिवाय मानणार नाही" म्हटलं, तरी आठ दिवसांनी तो बाकीच्या शिष्यांसोबत त्याच घरात होता. त्या आठ दिवसांत कुणी त्याला बाहेर काढलं नाही, हे नीट वाचा. आपल्या सभेत असा माणूस आठ दिवस टिकेल का?

बरं होण्याच्या आशेवर बोलावणं

"प्रार्थनेला या, दुखणं जाईल" हे निमंत्रण सोपं वाटतं आणि सगळ्यात जास्त नुकसान करतं. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा, मनापासून करा. पण औषधाच्या जागी प्रार्थना ठेवू नका. क्षयरोगाचं पाहा. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच ताप, खोकला उतरतो, भूक लागते. माणूस म्हणतो, "प्रभूनं बरं केलं," आणि गोळ्या सोडतो. आजार उलटतो, कधी नेहमीच्या औषधांना दाद न देणारा होऊन उलटतो. शरीर तर खचतंच, विश्वासही मोडतो, आणि अख्खं गाव पाहत असतं. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचंही तसंच. दुखण्याचा झटका काही दिवसांनी आपोआप शमतो. त्यालाच चमत्कार म्हणून साक्ष दिली की पुढच्या झटक्याला त्या लेकराच्या आईला काय सांगणार?

म्हणून क्रम ठरवून घ्या: आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, सोबत प्रार्थना, आणि गोळ्यांचा कोर्स पुरा होईपर्यंत साक्ष नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावला तर 108 ला फोन करा, गाडीत प्रार्थना करा. अशा वेळी दवाखान्यापासून रोखून मंत्र-गंडे करणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हाही. प्रार्थनेच्या नावानं असं काही होत असेल तर तिथल्या तिथे थांबवा.

मदत आणि निमंत्रण एकाच हातानं देणं

कर्जात बुडालेल्या घरी, आत्महत्या झालेल्या घरी पत्रकं घेऊन जाऊ नका. डबा घेऊन जा. पंचनाम्याच्या कागदांसाठी तहसीलमध्ये सोबत जा, वहिनींना सातबारावर वारसाची नोंद करायला मदत करा. त्या काळात सभेचा विषय आपण काढायचा नाही, त्यांनीच काढला तर थोडक्यात बोलायचं. धान्य, फी, औषधाचा खर्च देणारा माणूस वेगळा ठेवा आणि सभेला बोलावणारा वेगळा. येणाऱ्याला आणि न येणाऱ्याला सारखंच द्या. योहानाच्या सहाव्या अध्यायात भाकरीसाठी मागे आलेल्या गर्दीला प्रभूनं तोंडावर तसं सांगितलं. भाकरीच्या ओढीनं आलेला माणूस भाकर संपली की जातो, आणि खरोखर शोधणारा त्या रांगेत उभं राहायला लाजतो.

दुसऱ्याच्या श्रद्धेवर बोट ठेवणं

शेगावची वारी करणाऱ्या किंवा तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना रोज म्हणणाऱ्या माणसासमोर त्याच्या श्रद्धेची टिंगल केली की पुढचं काही ऐकायला तो थांबत नाही. बौद्ध घरात गोष्ट आणखी वेगळी. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांसोबत ज्यांच्या आजोबांनी दीक्षा घेतली, त्यांनी विचार करूनच एक धर्म सोडलेला आहे. तिथे प्रश्न येतो: देव कशावरून आहे? आणि तुमच्या मंडळीत जात आहे की नाही? दुसऱ्या प्रश्नाला "आमच्यात जात नाही" असं झटकन म्हणू नका. सोयरिकी कशा जुळतात हे त्यांनाही दिसतं. "असू नये, पण अजून आहे" एवढं खरं बोला.

किंमत न सांगता बाप्तिस्मा

लूकच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. आपण तो हिशेब लपवतो. अनुसूचित जातीच्या माणसाला स्पष्ट सांगा: 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे; ख्रिस्ती झाल्यावर त्या सवलती राहत नाहीत. अनुसूचित जमातीला धर्माची अशी अट नाही, त्यामुळे मेळघाटातल्या कोरकू किंवा गडचिरोलीतल्या माडिया कुटुंबाचा हिशेब वेगळा. हे बाप्तिस्म्यानंतर शाळेच्या दाखल्यावरून कळलं तर तो विश्वासघातच. अठरा वर्षांखालच्या मुलाला आईवडिलांच्या संमतीशिवाय बाप्तिस्मा नाही म्हणजे नाही.

घरातलं एकच माणूस तयार असेल तर बाकीच्यांना ओढू नका. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. पाच वर्षं त्या घरानं सोसलं. आपल्याला पाच महिनेही धीर धरवत नाही.

वेळ आणि सभेची रचना चुकवणं

मृगाच्या पेरणीत, दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापसाच्या वेचणीत नव्या माणसाला बोलावलं तर तो येणारच नाही. संक्रांतीनंतर तूर घरात आली की बोलवा. बाजाराचा दिवस टाळा, रात्री आठला बसा, लाइटचा भरवसा नसेल तर चार्जिंगचा दिवा ठेवा. सतरंजी, ढोलकी, टाळ, टिळकांचे अभंग. पुढे खुर्ची मांडून भाषण नको.

एकूण पन्नास मिनिटं: दहा गाण्याला, पंधरा वाचनाला, वीस बोलण्याला, पाच प्रार्थनेला. मार्काचं शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय, आठवड्याला एक. प्रत्येकानं पाच-सहा वचनं वाचायची. वाचता येत नसेल त्यानं ऐकायचं, आणि त्याच्या हातात पुस्तक देऊन त्याला अवघडवायचं नाही. मग तीन प्रश्न: यात काय दिसलं? काय पटलं नाही? या आठवड्यात काय करून पाहू? मधला प्रश्न गाळला की सगळे माना डोलावतात आणि शंका घरी जाते. नव्या माणसाला मोठ्यानं प्रार्थना करायला कधीच सांगू नका. कित्येकांची पुढची खेप तिथेच चुकते.

कुणी यायचं थांबलं तर दोन आठवड्यांच्या आत जा, पण एकटे आणि रिकाम्या हातानं. तीन-चार जण मिळून गेलात तर शेजारीपाजारी जमतात आणि त्याची पंचाईत होते. "काहून नाही आले?" हे पहिलं वाक्य नको. पिकाचं, तब्येतीचं विचारा. घरून विरोध असेल तर तो आपणहून सांगतो. मग सभेऐवजी वावरात, धुऱ्यावर बसून अर्धा अध्याय वाचायची तयारी ठेवा. निकदेम नावाचा यहूदी पुढारी येशूकडे रात्री एकटाच आला होता आणि प्रभू त्याच्याशी रात्रीच बोलला. राग असेल तर आधी पूर्ण ऐका, चूक मंडळीची असेल तर माफी मागा. निघताना एकदाच सांगा की या आठवड्यात मार्काचा अमुक अध्याय घेणार आहोत.