मोंगोडीबीच्या फाइंडला जास्तीचे ऑप्शन कसे लावायचे

मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये नुसतं फाइंड (शोधायची कमांड) मारलं की डेटा येतो, पण कलेक्शन, म्हणजे डॉक्युमेंटचा (नोंदींचा) गठ्ठा, मोठं झालं की ते रडायला लागतं, तेव्हा नोडजेएस ड्रायव्हरमध्ये फाइंडला फिल्टरनंतर ऑप्शनचं ऑब्जेक्ट द्यायचं, नाहीतर डॉट लावून एकेक जोडत जायचं. आधी प्रोजेक्शन, म्हणजे कुठली फील्ड हवीत ते, लावा, नाव आणि ईमेलच हवं तर दोघांपुढे १ लिहा, आयडी (_id) मात्र न मागता येतोच, नको असेल तर त्याच्यापुढे ० टाका. सॉर्ट (क्रम लावणं), स्किप (सुरुवातीचे काही सोडणं), लिमिट (किती हवेत) कोडमध्ये कुठल्याही क्रमाने लिहा, सर्व्हर आधी सॉर्टच करतो, मग स्किप, मग लिमिट.

खरी गंमत कोलेशनची, म्हणजे स्ट्रिंगची तुलना कशी करायची त्या नियमांची. 'Amit' की 'amit' हा घोळ मिटवायला लोक रेजेक्स (पॅटर्नने शोधणं) वापरतात, मला ते अजिबात पटत नाही, कोलेशनमध्ये लोकेल (भाषा) देऊन स्ट्रेंथ २ ठेवा, म्हणजे लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जात नाही, झालं काम. फक्त इंडेक्सलाही (पटकन शोधायच्या सूचीलाही) तेच कोलेशन हवं, नाहीतर तो स्ट्रिंगच्या तुलनेला वापरलाच जात नाही. मी हे विसरलो होतो आणि अर्धा दिवस क्वेरी स्लो का म्हणून डोकं धरून बसलो, शेवटी क्वेरी कशी चालते ते दाखवणारं एक्सप्लेन चालवलं तर दहाच डॉक्युमेंटसाठी अख्खं कलेक्शन स्कॅन होत होतं.

मॅक्सटाइमएमएस (मिलिसेकंदांतली वेळमर्यादा) ५००० ठेवा, म्हणजे ५ सेकंदांत क्वेरी तुटते. हिंट, म्हणजे अमुकच इंडेक्स वापर असं सांगणं, शक्यतो नकोच.