या चुका टाळा: जुन्या गाडीचा हेडलाइट मंद झाला, तर लगेच बल्ब बदलू नका

इगतपुरीच्या पावसातून नाशिकला येताना माझ्या जुन्या गाडीचा डावा हेडलाइट अचानक मिणमिणू लागला. अप्पर मारला की तो आणखीच बसायचा आणि त्याच वेळी शेजारचा पार्किंगचा बल्ब मधूनच उजळायचा. घरी आल्यावर मी नवा हॅलोजन बल्ब आणला. काहीच फरक नाही. मग १०० वॅटचा बसवला, तर दोन दिवसांत होल्डरचं प्लास्टिक तापून पिवळं पडलं.

दोष बल्बात नव्हता, अर्थिंगमध्ये होता, म्हणजे बल्बमधला करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला परत नेणाऱ्या जोडणीत. एक दिवा लावला की भलताच दिवा उजळतो किंवा बसतो, तेव्हा करंटला बॅटरीकडे परतायला नीट वाट मिळत नाही आणि तो शेजारच्या बल्बातून वाट काढतो. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल हेडलाइटच्या डब्यामागे बसतो आणि अर्थिंगचा स्क्रू आतून गंजतो. वरून तो घट्टच दिसतो, म्हणून तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

तपासताना मोठी चूक होते ती बल्ब काढून व्होल्ट मोजण्याची. वायरची एकच तार शाबूत असली तरी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. दिवा पेटलेला असतानाच मोजा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल टोक बल्बच्या अर्थ पिनला आणि काळं बॅटरीच्या मायनसला लावा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. माझ्याकडे १.९ आले! बल्बला मिळणारे व्होल्ट १० टक्के घटले की उजेड साधारण ३० टक्के घटतो, हे लक्षात घ्या. स्क्रू काढला तर खाली तपकिरी भुकटी. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, वर व्हॅसलीन लावलं आणि २.५ चौरस मिमीची वेगळी काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसला नेली. आकडा ०.१ वर आला. जुनाच बल्ब लख्ख पेटला.

अर्थिंग चांगलं निघालं तर बॅटरीचा प्लस आणि बल्बची सप्लाय पिन यांमध्ये तसंच मोजा. पद्मिनी-अॅम्बेसेडरच्या पिढीतल्या गाड्यांत बहुधा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) नसतो, दिव्यांचा सगळा करंट स्विचमधून जातो. ६० वॅटचे दोन बल्ब १० अँपिअर ओढतात, १०० वॅटचे जवळपास १७. चाळीस वर्षांच्या स्विचवर एवढा भार टाकू नका. रिले बसवा: त्याच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीची वायर, ८७ ला बल्ब, ८६ ला स्विचची जुनी वायर, ८५ ला अर्थ. अप्पर आणि डिप्परला वेगळा रिले हवा.

फ्यूज उडतो म्हणून त्यावर चांदीचा कागद गुंडाळणारे मी पाहिलेत. कृपया असं करू नका, त्याने वायरिंग पेटतं. डायनॅमोच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या जनित्राच्या) गाडीत आयडलिंगला दिवे थोडे मंद आणि रेस दिल्यावर तेज होत असतील, तर तो हेडलाइटचा बिघाड नव्हे. मात्र बल्ब वारंवार उडत असतील, तर रेस देऊन बॅटरीवर मोजा. १५ व्होल्टच्या वर दिसले तर कट-आउट (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटरचा डबा) दाखवून घ्या.

आणि डाव्या-उजव्या दिव्याला वेगवेगळे फ्यूज ठेवा. रात्री कसारा घाटात एक फ्यूज उडाला, तरी दुसरा दिवा चालू राहतो.