स्पेक्टॅकल्ड फिंच शोधायला हिमालयात जाताय? या चुका टाळा

सातारा, कऱ्हाड, सांगलीहून हिवाळ्यात हिमालयात पक्षी बघायला जाणारे ग्रुप आता बरेच झालेत. यादीत स्पेक्टॅकल्ड फिंच असतोच, आणि परतल्यावरची तक्रारही ठरलेली: बाकी सगळं मिळालं, तेवढा हुकला. पश्चिम हिमालयातल्या उंचावरच्या सूचिपर्णी जंगलातला हा पक्षी तसा बुजराही नाही. लोक शोधतात ती जागाच चुकीची असते.

‘पाइनच्या जंगलात मिळतो’ एवढं वाचून लोक निघतात आणि पहिलं पाइन दिसलं की गाडी थांबवतात. ते पाइन म्हणजे बहुतेक वेळा चीड. महाबळेश्वरची उंची जेमतेम 1,400 मीटर, आणि चिडाचं राज्य साधारण त्याच पट्ट्यात, 2,000 मीटरच्या खाली. आपल्याला जायचंय त्याच्या वर, देवदाराच्या पट्ट्यात. उन्हाळ्यात हा पक्षी साधारण 2,400 ते 3,300 मीटरवर असतो. बर्फ पडलं की खाली सरकतो, पण चिडाच्या रानात उतरेलच असं धरून चालू नका.

कऱ्हाडकडच्या एका ग्रुपने नेमकं हेच केलं. होमस्टे चिडाच्या जंगलात, गरम पाणी चोवीस तास, जेवण उत्तम. दोन दिवस तिथल्याच पायवाटा तुडवल्या, शिवाय स्पीकरवर या पक्ष्याचे रेकॉर्ड केलेले आवाज, म्हणजे कॉलही वाजवले. देवदार सुरू होत होता तासाभराच्या रस्त्यावर, पण पहाटे थंडीत एवढं कोण चढणार! शेवटी ‘यंदा आलाच नाही’ असा निष्कर्ष काढून मंडळी गोवा एक्सप्रेसने परत.

म्हणून आधी झाड ओळखायला शिका. चिडाच्या सुया लांबलचक, वीतभर किंवा जास्त, आणि एका जुडीत तीन. कैल म्हणजे ब्लू पाइनच्या जुडीत पाच, आणि त्याचे शंकू लांब, लोंबकळणारे. देवदाराच्या सुया आखूड, गुच्छात. त्याचे शंकू पिंपासारखे, फांदीवर उभे. देवदाराचा शंकू अखंड खाली पडत नाही, झाडावरच सुटा होतो. त्यामुळे जमिनीवर शंकू शोधत बसू नका. पंख्याच्या आकाराची तपकिरी खवलं आणि कागदासारखा पातळ पंख असलेलं बी शोधा. असा ताजा सडा पडलेला दिसला की थांबायचं, कारण देवदाराचं बी हे याचं आवडतं खाणं.

आणि थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं. निम्मे लोक मान वर करून शेंड्यांकडे बघत चालतात, तर हा पक्षी बराच वेळ जमिनीवर चरतो. जोडीने किंवा छोट्या थव्यात, गाजावाजा न करता. उडाला तर जवळच्या फांदीवर जाऊन गप्प बसतो. सड्यापासून वीसेक मीटरवर अर्धा तास बसून राहा, गप्पा बंद. दिवसाला पाच स्पॉट उरकायचे असतील त्यांनी या पक्ष्याचा नाद सोडावा.

दुसरी चूक ओळखीची. लाल दिसला की नाव लिहून मोकळे! कासला किंवा महाबळेश्वरला हिवाळ्यात कॉमन रोझफिंच हा लालसर पक्षी बघून डोळा तयार झालेला असतो, आणि हिमालयात तर रोझफिंचच्या कितीतरी जाती. रंगाने फसगत होणार, म्हणून मी आधी पंख बघतो. स्पेक्टॅकल्ड फिंचच्या नराचे पंख काळे आणि त्यावर ठळक पांढरे ठिपके. डोकं काळं, डोळ्याभोवती गुलाबीसर लाल चष्मा. स्पॉट-विंग्ड रोझफिंच इथे हमखास गंडवतो, कारण ठिपके त्याच्याही पंखावर असतात. पण ते गुलाबी, आणि त्याचं डोकं काळं नाही, भुवईची गुलाबी पट्टी मागे जाते.

मादीकडे तर कुणी बघतच नाही. ती मळकट तपकिरी, चष्मा पिवळसर, पंखांवरचे पांढरे ठिपके मात्र तसेच. मादी ओळखता आली तर नर बहुतेक जवळच असतो.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवर नकाशात दिसणारी हॉटस्पॉटची पिन म्हणजे पक्ष्याचा पत्ता नव्हे. उत्तराखंडातल्या चोपत्याची पिन एका जागी असते, नोंदी मात्र पूर्ण वाटेवरच्या. यादीतल्या टिपणात उंची किंवा झाड लिहिलंय का ते बघा. त्याच राज्यातल्या चक्राता गावात फिरत बसण्यापेक्षा वर देवबनला जा.

कॉल वाजवू नका. गुपचूप चरणारा पक्षी त्याने जवळ येत नाही, आणि विणीच्या काळात तर ते सरळ त्रास देणंच. आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपने नाव दाखवलं तरी पक्षी डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिहू नका.

देवदाराच्या सावलीत कॅमेरा काळं डोकं उजळायला जातो आणि लाल चष्मा जळून सपाट होतो. एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण स्टॉप खाली ठेवा, फोटो नंतर उजळता येतो.

पंख दिसलेच नाहीत, फक्त लालसर काहीतरी उडालं, तर ईबर्डवर ‘रोझफिंच, जात अनिश्चित’ असा पर्याय आहे. तेवढंही ठरत नसेल तर नोंद सोडून द्या.