थायरॉइडचा अहवाल पिट्युटरीच्या बाजूने कसा वाचावा

नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेतील एखाद्या प्रयोगशाळेतून थायरॉइडचा अहवाल हाती आला, की नजर प्रथम टीएसएचच्या आकड्याकडे जाते आणि तो मर्यादेपेक्षा अधिक असला तर ‘थायरॉइड वाढला’ असे घरात जाहीर होते. वास्तविक टीएसएच हे पिट्युटरी ग्रंथीचे संप्रेरक आहे आणि ते वाढले असेल तर थायरॉइडचे काम बहुधा मंदावलेले असते. म्हणून अहवाल वाचण्यापूर्वी आदेशांची साखळी वरून खाली समजून घ्यावी.

मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस टीआरएच हे संप्रेरक सोडतो आणि ते सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या एका खास जाळ्यातून थेट पिट्युटरीच्या पुढील भागात पोहोचते. जेमतेम अर्ध्या ग्रॅमची पिट्युटरी त्यावर टीएसएच तयार करते आणि त्याच्या प्रभावाखाली थायरॉइड मुख्यतः टी-४ (थायरॉक्सिन) व थोडे टी-३ ही आपली संप्रेरके रक्तात सोडते. ही दोन्ही पुरेशी झाली, की तीच वरच्या दोघांना आवर घालतात. ती कमी पडली, तर ऐकू न येणाऱ्याला आपण जशी अधिक मोठ्याने हाक मारतो, तसे पिट्युटरी टीएसएच वाढवत नेते.

आता टीएसएच आणि फ्री टी-४ (रक्तातील प्रथिनांना न चिकटलेले, मोकळे टी-४) हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. टीएसएच जास्त व टी-४ कमी असेल तर दोष थायरॉइडमध्ये आहे. टीएसएच अगदी खाली आणि टी-४ वर असेल तर थायरॉइड बहुधा अतिक्रियाशील आहे. गर्भवतींच्या मर्यादा वेगळ्या असतात. खरी मेख मात्र तिसऱ्या जोडीत आहे. टी-४ कमी असूनही टीएसएच कमी किंवा चक्क ‘नॉर्मल’ दिसत असेल, तर हाक द्यायला हवी तेथूनच ती येत नाही, असे समजून पिट्युटरी व हायपोथॅलॅमसचा तपास करावा लागतो. केवळ टीएसएच तपासणारे स्वस्त पॅकेज नेमके हेच चुकवते. बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला, नंतर दूध आले नाही, पाळीही परतली नाही आणि थकवा हटत नाही, अशा स्त्रीने हा इतिहास डॉक्टरांना आवर्जून सांगावा, कारण त्या रक्तस्रावात पिट्युटरीला इजा झालेली असू शकते. अशा वेळी सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल हे मूत्रपिंडांवरील अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीचे संप्रेरक तपासले जाते. पिट्युटरीकडून अधिवृक्क ग्रंथीलाही आदेश मिळत नसेल आणि कॉर्टिसॉलची उणीव न भरता थायरॉक्सिन सुरू झाले, तर रुग्णाची प्रकृती गंभीर होऊ शकते.

तपासणीची तयारीही महत्त्वाची आहे. केस-नखांसाठी बायोटिन घेत असल्यास डॉक्टरांना विचारून ते किमान दोन दिवस आधी थांबवावे, कारण काही चाचण्यांमध्ये त्यामुळे टीएसएच खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त दिसते. थायरॉक्सिनची गोळी चालू असेल तर त्या दिवशीची गोळी नमुना दिल्यानंतर घ्यावी. मात्रा बदलल्यावर पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करावी. पिट्युटरी नव्या पातळीशी जुळवून घ्यायला तेवढा वेळ घेते आणि पंधरवड्यात केलेली तपासणी बहुधा पैसे वाया घालवते.

थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घेऊन चहा आणि तर्री पोह्यांपूर्वी अर्धा ते एक तास जाऊ द्यावा. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, ही बाटली गाडीत किंवा ओट्याशेजारी ठेवू नये. उष्णतेने औषधाची शक्ती घटते आणि मग टीएसएच वाढले म्हणून विनाकारण मात्रा वाढवली जाते.

पिट्युटरीच्याच प्रोलॅक्टिन या दूध निर्माण करवणाऱ्या संप्रेरकाची गोष्ट उलटी आहे. हायपोथॅलॅमस ते डोपामिन या रसायनाच्या साहाय्याने सतत रोखून धरतो, म्हणून हा लगाम सैल करणारी डॉम्पेरिडोनसारखी मळमळीची साधी गोळीसुद्धा ते वाढवू शकते. हा आकडा चढलेला दिसला, तर एमआरआयची धास्ती घेण्याआधी चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवावी.