पायथन, जावा, जावास्क्रिप्ट या भाषांच्या प्रोग्रामांमध्ये डेटा पाठवायचाय? आधी आकडे सांभाळा

नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या संत्र्याच्या एका गाळ्यासाठी मी सिस्टीम लावली होती. काट्यावरचं वजन पायथन वाचायचा, बिल जावा बनवायचा आणि टेबलावरची स्क्रीन जावास्क्रिप्टची. तेव्हापासून असं काम बरेचदा केलंय, म्हणून सरळ सांगतो कसं करायचं ते.

फॉर्मॅट जेसॉन घ्या, ते साध्या मजकुरात असतं आणि सगळ्या भाषांना वाचता येतं. डेटा खूपच मोठा असेल तर प्रोटोबफ, हा आटोपशीर बायनरी फॉर्मॅट. पायथनचं पिकल (डेटा साठवायची त्याची स्वतःची पद्धत) नकोच, ते दुसऱ्या भाषेला सहजी वाचता येत नाही आणि अनोळखी पिकल फाईल उघडली की तिच्यातला कोड तुमच्या मशीनवर चालू शकतो.

मग एका कागदावर प्रत्येक फील्डचं नाव, प्रकार आणि एकक लिहा, वजन ग्रॅममध्ये, रक्कम रुपयांत नाही तर पैशांत, दोन्ही पूर्णांक. रुपयांचे दशांश फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकडे जवळपास साठवणाऱ्या प्रकारात, फिरवू नका.

आता खरी अडचणीची जागा, मोठे आकडे. आमचा पावती नंबर १७ आकडी होता, आधी तारीख, मग काट्याचा नंबर, मग सात आकडी क्रम. २०२४०२२००३०००००१७ ही पावती पायथनने बरोबर लिहिली, जावाने बरोबर वाचली, आणि स्क्रीनवर आली २०२४०२२००३०००००१६. कुठे एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. एका शेतकऱ्याची पावती उघडली की दुसऱ्याचं वजन दिसायचं, आणि माणूस समोर उभा राहून विचारतो भाऊ माझा माल कुठे गेला, तेव्हा काय सांगणार? मी दोन दिवस डेटाबेस उपसत बसलो, चूक तिथे नव्हतीच.

कारण असं की जावास्क्रिप्टमध्ये साधा नंबर म्हणजे ६४ बिटी फ्लोट, आणि त्यात ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक नेमका बसेलच असं नाही. आमच्या नंबरांएवढ्या मोठ्या आकड्यांत तर फक्त चारच्या पटीतलेच बसतात, म्हणून शेवटी १४ पासून १८ पर्यंत असलेल्या पाचही पावत्या १६ नंबरच्या होऊन बसल्या. पायथनच्या पूर्णांकाला अशी मर्यादा नाही, जावाचा लाँग हा पूर्णांकाचा प्रकार १९ आकड्यांपर्यंत जातो, म्हणून या दोघांची टेस्ट पास होते आणि आपण निर्धास्त राहतो.

यावर लोक सांगतात की ब्राउझरमध्ये आल्यावर बिगइंट (जावास्क्रिप्टचा मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) करून घ्या. नका ऐकू! पार्स होतानाच, म्हणजे जेसॉन वाचून त्याचा आकडा बनतानाच, तो बिघडलेला असतो, बिघडलेल्या आकड्याचं बिगइंट करून काय मिळणार. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्येही प्रिव्ह्यू बघू नका, तो पार्स केलेला असतो, कच्चा रिस्पॉन्स बघा.

उपाय एकच, ज्या नंबराची बेरीज-वजाबाकी करायची नाही तो नंबर नाहीच, ती स्ट्रिंग, म्हणजे मजकूर आहे. पावती, आधार, मोबाईल, खाते नंबर सगळं अवतरण चिन्हात पाठवा, सुरुवातीची शून्यंही टिकतात. आणि हे पाठवणाऱ्याच्याच बाजूला करायचं, घेणाऱ्याच्या नाही. प्रोटोबफसुद्धा जेसॉन लिहिताना ६४ बिटी पूर्णांक स्ट्रिंग म्हणूनच लिहितो, तेव्हा 'नंबर आहे तर नंबरच पाठवा' म्हणणाऱ्याशी वाद घालत बसू नका.

बाकीचं पटकन. तारीख-वेळ मजकूर म्हणून, शेवटी +०५:३० लावून. सेकंद आणि मिलिसेकंद मिसळू नका, आजच्या तारखेला सेकंद १० आकडी असतात, मिलिसेकंद १३. पायथन जेसॉनमध्ये बिनधास्त 'नॅन' ('हा आकडा नाही' अशी खूण) लिहून टाकतो आणि ब्राउझर ते पार्स करत नाही, म्हणून रिकाम्या जागी नल, म्हणजे 'काही नाही' हे सांगणारं मूल्य, पाठवा. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८. मराठी नावं जुळवायची असतील तर आधी एनएफसी (युनिकोडचं ठरलेलं एकसारखं रूप) करून घ्या, कारण वऱ्हाडे मधला ऱ एका अक्षरातही टाइप होतो आणि र खाली नुक्ता (टिंब) देऊनही, डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात पण तुलना फसते.

शेवटी टेस्ट. एक फाईल बनवा, त्यात सगळ्यात मोठा पावती नंबर, शून्याने सुरू होणारा एक नंबर, एक वऱ्हाडे, एक नल आणि रात्री १२ नंतरची एक वेळ टाका. ती पायथनमधून जावात, जावातून ब्राउझरमध्ये आणि तिथून परत पायथनमध्ये आणा, मग प्रत्येक फील्ड मूळ फाईलशी ताडून बघा. एकाही फील्डमध्ये फरक निघाला तर गाळ्यावर लावू नका.